छोटीच्या हातातला माईक

मित्रांनो, दुरुस्तीच्या दुकानातल्या सर्वांत खालच्या खणात, तुटक्या वायरी आणि गंजलेल्या स्क्रूंच्या गर्दीत जो काळपट धातूचा दांडा पडला आहे ना, तोच मी. मी एक जुना माईक आहे. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे, मुठीवरचा रंग उडून खालचे पितळ दिसू लागले आहे. दुकानात येणारे एखादे गिऱ्हाईक मला बघून विचारते, "हा अजून ठेवलाय होय?" त्यावर मालक नुसता हसतो. एके काळी माझ्यासमोर दहा-दहा हजार माणसे श्वास रोखून उभी राहिली आहेत. ती माझ्यासाठी आलेली नव्हती, हे मला कळते. माईकला स्वतःचा आवाज कुठे असतो? तरी आज मला बोलायचे आहे, कारण जे मला ठाऊक आहे ते आता दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही.

माझा जन्म पत्र्याच्या छपराच्या एका लांबट कारखान्यात झाला. तिथे बायका ओळीने बसून केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी करत. कामावर बोलायला त्यांना बंदी होती. का, तर श्वासानेसुद्धा तार हलते. म्हणजे बघा, मला घडवले ते दिवसभर तोंड मिटून बसणाऱ्या बायकांनी. वेटोळ्याला एक पातळ पडदा चिकटवला, मागे लोहचुंबक बसवले, वरून जाळी घातली. समोर कुणी बोलले की पडदा थरथरतो, पडद्याबरोबर वेटोळे थरथरते आणि त्या थरथरीची वीज होऊन ती वायरीतून पुढे जाते. माझे काम एवढेच.

एका जुन्या नाट्यगृहाने मला विकत घेतले. तिथला आवाजाची यंत्रे सांभाळणारा माणूस दिवसभर "हॅलो, हॅलो, एक, दोन" करत हिंडे, म्हणून सगळे त्याला हॅलोकाका म्हणत. त्याच्या बायकोनेही त्याला त्याच नावाने हाक मारलेली मी ऐकली आहे. नाट्यगृहाच्या मागे पंधरा खोल्यांची बैठी रांग होती. दिवेवाले, पडदे ओढणारे, रंगारी, सुतार अशी सगळी मंडळी तिथे राहत. सातव्या खोलीत दोन बहिणी होत्या. थोरली नाट्यगृहाच्या कपडेखान्यात शिवणकाम करी. तिला सगळेच ताई म्हणत, तिच्या दुप्पट वयाचे सुतारसुद्धा. धाकटी ती छोटी. आई गेली तेव्हा छोटी चार वर्षांची होती आणि ताई सोळा. बापाचे म्हणाल तर तो होता, पण असून नसल्यासारखा.

ताईचा गळा फार गोड होता. शिवणयंत्राच्या पायट्यावर लय धरून ती गुणगुणे आणि तयार कपडे न्यायला आलेला नट दारातच थांबे. छोटीला तिने तिथेच, चिंध्यांच्या ढिगावर बसवून शिकवले. "श्वास चोरू नकोस," ती दोरा दातांनी तोडत म्हणे, "चोर लगेच सापडतो." छोटी रडे, पळून जाई, परत येई. दहा वर्षे हे चालले.

मग एकदा नव्या नाटकाच्या आठ दिवस आधी गाणाऱ्या नायिकेने दुसऱ्या कंपनीत उडी मारली. व्यवस्थापकाच्या तोंडचे पाणी पळाले. तो तडक कपडेखान्यात आला आणि ताईला म्हणाला, "तू गातेस ना? मग गा की."

ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या आणि मग म्हणाली, "मी नाही. छोटी गाईल. तिला चेहराही आहे."

व्यवस्थापकाचा जीव भांड्यात पडला, हे मी बघितले. ताईच्या चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे व्रण होते. ती पुन्हा शिवायला लागली, पण बराच वेळ यंत्रात दोराच नव्हता.

पहिल्या प्रयोगाला छोटी सतरा वर्षांची होती. तिची मूठ घामाने इतकी ओली होती की मी निसटतो की काय असे मला वाटले. पहिली ओळ कापरी आली, दुसरी सावरली आणि तिसरीला मागच्या रांगेतल्या माणसाने खोकणे थांबवले. ताई पडद्याआड सुई हातात धरून उभी होती. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तिने सुई कॉलरला खोचली आणि फाटलेला एक अंगरखा उचलून कामाला गेली. त्या दिवशी दोघींपैकी कुणाला जास्त आनंद झाला, ते मला आजही सांगता यायचे नाही.

पाच वर्षांनी सिनेमावाले आले. छोटी निघाली तेव्हा हॅलोकाकाने मला मऊ फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिले. "पोरी, तिकडे नवे माईक असतील, छताला टांगलेले. पण हा तुझा आहे. कुठे घाबरलीस तर हातात धर."

छोटी सिनेमात नाव काढत गेली. पडद्यावर दिसणारी वेगळी आणि गाणारी वेगळी, असा तो काळ होता. छोटी मात्र आपले गाणे आपणच गाई. गाण्याच्या जाहीर कार्यक्रमांत ती दुसऱ्या माईकला हात लावत नसे. माझ्या जाळीवर तिच्या ओठांचा रंग लागे आणि ती स्वतः तो रुमालाने टिपून काढी. वर्तमानपत्रांत तिच्याबरोबर माझाही फोटो येई. खोटे कशाला बोलू, त्या दिवसांत मीही थोडा चढेल झालो होतो.

दर रविवारी ती ताईकडे जाई. ताईने आपल्याकडे राहायला यावे म्हणून तिने जंग जंग पछाडले.

"तुझ्या घरात सोफ्यावर बसलं की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत," ताई म्हणे. "पाय टेकल्याशिवाय मशीन चालत नाही, आणि मशीनशिवाय मी. तू येत जा. जिलेबीसारखं गोल गोल बोलू नकोस, जेवून जा."

रविवारचे जाणे मग महिन्यावर गेले आणि पुढे सणावारी, वर्षातून दोनदा, एवढेच उरले. छोटीला वेळ नसे, हे खरेच होते.

चाळिशी आली. एके दिवशी एक दिग्दर्शक घरी आला आणि चहाचा कप बशीत फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "रोल आईचा आहे. पण मोठा आहे हं."

"कुणाची आई?" छोटीने विचारले.

त्याने नायकाचे नाव सांगितले. दोनच वर्षांपूर्वी त्याच नायकाबरोबर ती बागेत झाडांभोवती फिरत गायली होती. छोटी खूप हसली. तो गेल्यावर आरशासमोर बसली आणि जेवायला उठली नाही. त्यानंतरचे वर्षभर फोन क्वचितच वाजला. मी कपाटात पडून होतो.

अशात हॅलोकाकाचा निरोप आला. नाट्यगृह आणि मागच्या पंधरा खोल्या पाडायचे शहराच्या कचेरीने ठरवले होते. दारावर नोटीस चिकटवली होती आणि पाडकामाचे यंत्र रस्त्याच्या कोपऱ्यावर येऊन उभे होते. छोटी होती त्या कपड्यांनिशी निघाली आणि मला घेऊन गेली. काकाने एका ढकलगाडीवर भोंगा बांधला, बॅटरी जोडली. छोटी त्याच गाडीवर चढली. आधी गायली. माणसे दुकाने सोडून आली, बस थांबली, यंत्र चालवणारा खाली उतरून ऐकू लागला. मग ती बोलली, चारच वाक्ये.

"मी या खोल्यांत चालायला शिकले. इथल्या बायकांनी मला आळीपाळीने जेवू घातलं. यांना दुसरं घर नाही. पाडायचंच असेल, तर आधी माझ्या अंगावरून यंत्र घाला."

तिच्या हातात कागद नव्हता. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझा पडदा तसा पुन्हा कधी थरथरला नाही. यंत्र आले तसे मागे फिरले. ताईने तिला गाडीवरून उतरवून घेतले आणि लोकांदेखत तिचे नाक आपल्या पदराने पुसले. चाळीस वर्षांची नटी, पण तिने ते पुसू दिले.

दुसऱ्याच दिवशी एक मऊ आवाजाचा, किडकिडीत माणूस घरी आला. तो एका पक्षाचा पुढारी होता. त्याला सगळे साहेब म्हणत.

"बाई, तुम्ही चार वाक्यांत यंत्र थांबवलंत," तो म्हणाला. "आमची माणसं चार तास बोलतात, कुत्रं थांबत नाही. निवडणुकीला उभ्या राहा."

"मला राजकारणातलं काही कळत नाही."

"कुणाला कळतं? त्या खोल्या आज वाचल्या. उद्या कोण वाचवणार? आत बसलेला माणूस हवा."

ताईला तिने विचारले तेव्हा ताई म्हणाली, "लोकांसाठी जात असशील तर जा. फोन वाजत नाही म्हणून जाऊ नकोस." छोटी म्हणाली, "लोकांसाठीच." मला वाटते, ते बोलताना तिला ते खरेच वाटत होते.

प्रचारात दिवसाला नऊ-नऊ सभा झाल्या. धूळ, उन्हाचा तडाखा, ओरडणे. जो गळा ताईने दहा वर्षे फुलासारखा जपला होता, तो दीड महिन्यात खरवडून निघाला. पक्षाचा डॉक्टर घशात फवारा मारी आणि म्हणे, "काही नाही, थकवा आहे." पक्षाचा एक भाषणवालाही होता. तो तिच्या हातात कागद देई. सुरुवातीला ती कागद दुमडून ठेवी आणि आपल्या मनाचे बोले. मग साहेबांनी तिला समजावले, की मनाचे बोलले तर नंतर निस्तरावे लागते. मग ती कागदावरचे बोलू लागली. सभेच्या शेवटी पूर्वी ती आख्खे गाणे गाई. पुढे एक कडवे, पुढे एक ओळ, आणि शेवटी टेप लावून नुसते ओठ हलवू लागली. ओठ हलत आणि मी कोरडा. माझ्यासारख्याला याहून मोठा अपमान नाही.

ती भरघोस मतांनी निवडून आली. पहिल्या दोन वर्षांत तिने चांगली कामेही केली, ते नाकारणे पाप होईल. पंधरा खोल्यांना पाण्याचे नळ आले. म्हाताऱ्या कलावंतांच्या दवाखान्याला तिने छप्पर घालून दिले. मग ती मंत्री झाली आणि मी तिच्या दालनातल्या काचेच्या कपाटात गेलो. शिपाई मला रोज पुसे. मला वायर मात्र नव्हती.

एकदा ताई आली. पुन्हा काहीतरी शिजते आहे, अशी कुणकुण खोल्यांपर्यंत पोचली होती. पंधरा घरांच्या सह्यांचा अर्ज घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसली. तीन तासांनी चिटणीस आत आला.

"ताई अजून बसल्यात, मॅडम."

छोटी खुर्चीत पाय वर घेऊन एकटीच बसली होती. समोर ना फाईल ना माणूस. "आज नको," ती म्हणाली. "सांग, बैठकीत आहे."

ताईने अर्ज ठेवला आणि ती गेली. तो अर्ज बरेच दिवस माझ्या कपाटाखाली पडून होता.

महिन्याभरात साहेब फाईल घेऊन आले. नाट्यगृहाच्या जागी आठ मजली बाजार होणार होता.

"नाट्यगृह कुठे जातंय, बाई? सहाव्या मजल्यावर येतंय. थंडगार."

"आणि मागच्या खोल्या?"

"त्यांनाही देऊ की. कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे, साहेब? तिथं माझी बहीण राहते."

साहेब आणखी मऊ आवाजात म्हणाले, "पुढच्या निवडणुकीच्या यादीत तुमचं नाव कुठेतरी हवंय की नको?"

छोटी उठून खिडकीपाशी गेली. तिने नकार दिला असता, तर तिला घरी बसावे लागले असते. तेच घर, तोच आरसा आणि न वाजणारा फोन. ती परत आली आणि तिने सही केली. मी काचेआडून बघत होतो. काच नसती तरी मी काय केले असते म्हणा.

बाजाराच्या पायाभरणीचा समारंभ पाडकामाआधीच, त्याच नाट्यगृहात ठेवला. साहेबांचीच कल्पना: "त्याच जुन्या माईकवरून बोला. आणि खाली उतरून लोकांत जा. तुमच्या ताई तिसऱ्या रांगेत आहेत. त्यांचा आशीर्वाद घ्या, फोटो झकास येईल." हॅलोकाका तोवर निवृत्त होऊन दुरुस्तीचे दुकान चालवत होता. त्याला मुद्दाम बोलावले. त्याने मला नवी वायर जोडली आणि मागे यंत्रापाशी जाऊन बसला.

छोटीने कागद वाचला. आवाज घोगरा होता, शब्दांच्या कडा तुटत होत्या. वाचून झाल्यावर ती पायऱ्या उतरून तिसऱ्या रांगेपाशी आली. तिने मला ताईच्या तोंडासमोर धरले आणि म्हणाली, "ताई, आशीर्वाद दे."

ताई उभी राहिली. सगळ्या सभागृहात तिचा आवाज घुमला. "आशीर्वाद देते. त्याआधी एवढंच सांग, या पंधरा घरांना जागा कुठे दिलीस? खोल्या सोडायच्या नोटिशीवर पत्ता का नाही?"

साहेबांनी स्टेजवरून बँडवाल्यांना हात केला. आणि छोटीच्या अंगठ्याने माझ्या मुठीवरचे बटण खाली सरकवले.

हे दुसऱ्या कुणी केले नाही, मित्रांनो. अंगठा तिचाच होता.

बँड दणक्यात सुरू झाला. फोटोवाले धावले. छोटीने मान त्यांच्याकडे वळवली आणि हसली. मी मात्र तसाच ताईच्या ओठांसमोर होतो, फोटोसाठी. आणि ताई बोलतच होती. लोकांना वाटले, आशीर्वाद देते आहे.

बटण बंद केले म्हणून माझा पडदा थांबत नाही. फक्त आवाज पुढे जात नाही. मी सगळे ऐकले.

"बंद केलास होय? बरं झालं, हे चारचौघांत सांगायचं नव्हतंच. घराचं मी बघून घेईन, छोटे. पण तुझा आवाज मला आवडला नाही. हा थकवा नाही. वरचा सूर दोन जागी फुटतोय, घशात काहीतरी वाढतंय तुझ्या. पक्षाच्या डॉक्टरचं ऐकू नकोस. चांगल्या डॉक्टरला दाखव, उद्याच्या उद्या. ऐकलंस ना?"

छोटी फोटोवाल्यांकडे बघून हसत होती. तिने मान हलवली. ताईला वाटले, ऐकले.

दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आला. खाली लिहिले होते, "थोरल्या बहिणीचा आशीर्वाद."

आठ दिवसांत नाट्यगृह जमीनदोस्त झाले. पंधरा घरांना शहराबाहेर, पाचव्या मजल्यावर खोल्या मिळाल्या. ताईचे शिवणयंत्र अरुंद जिन्यातून वर जाईना, म्हणून ते जिन्याखाली ठेवले. पंधरवड्यात त्याचे चाक कुणीतरी काढून नेले. सात महिन्यांनी ताई गेली. हॅलोकाका तिला पोचवायला गेला होता. छोटी त्या वेळी दूरदेशी दौऱ्यावर होती. तिच्याकडून फुलांचे भले मोठे चक्र आले, ते जिन्यातून वर नेता आले नाही.

निवडणुकीच्या यादीत तिचे नाव नव्हते. साहेबांना कुणी तरुण गायिका सापडली होती. दालन रिकामे करताना शिपायाच्या हातून मी फरशीवर पडलो आणि माझी जाळी चेपली. त्याने मला एका खोक्यात घालून हॅलोकाकाच्या दुकानात आणून टाकले.

त्यानंतर वर्षभराने, एका दुपारी छोटी दुकानात आली. गळ्याभोवती पांढरी पट्टी होती आणि हातात लहान वही. काका लगबगीने उठला, स्टूल पुसून दिले. ती बोलली नाही. बोलणे शक्यच नव्हते. डॉक्टरांनी गाठ काढताना आवाजाची जागाही काढून टाकली होती. तिने वहीत लिहिले, "डॉक्टर म्हणाले, दीड वर्ष आधी आला असतात तर गळा वाचला असता." मग पान उलटून दुसरी ओळ लिहिली आणि वही काकापुढे केली.

काकाने चष्मा लावून मोठ्याने वाचले, "त्या दिवशी ताई माईकसमोर काय म्हणाली?"

त्याने चष्मा काढून वही तिला परत दिली. "बाई," तो म्हणाला, "मी मागे यंत्रापाशी होतो. पत्त्याचं विचारलं तेवढं ऐकलं, पुढचं माझ्यापर्यंत काहीच आलं नाही. माईक बंद होता ना."

तो कुणी बंद केला, हे त्याने विचारले नाही.

छोटीने खण उघडून मला उचलले. तिचा हात मी लगेच ओळखला. तिने बटण वर सरकवले, खाली सरकवले. मग मला कानाशी धरून बसून राहिली. माझ्यापाशी ताईचे शब्दन् शब्द होते, पण मला तोंड कुठे आहे? थोड्या वेळाने तिने मला खणात ठेवले, वही मिटली आणि ती गेली. काकाने खण पायाने आत ढकलला.

मित्रांनो, मला झाडू-पुसू नका, माझी जाळी सरळ करू नका, काचेच्या कपाटात तर मुळीच ठेवू नका. एवढेच करा: कधी तुमच्या हातात माईक आला आणि समोर तुमचे माणूस बोलू लागले, तर त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत आपला अंगठा बटणापासून दूर ठेवा.